मोल्ड पावडरचा लॉट बदलला आणि स्लॅबवर क्रॅक आले: स्लॅगच्या रसायनाचा उष्णतेशी नेमका संबंध काय?

तिसरी_पाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. स्लॅब कास्टरवर (वितळलेलं स्टील तांब्याच्या, पाण्याने गार केलेल्या साच्यातून, म्हणजे मोल्डमधून, सलग ओढून जाड स्लॅब पाडायचं मशीन) शिफ्ट इंजिनिअर आहे, चार वर्षं झाली. गेले नऊ दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचा मोल्ड २२० मिमी जाड, सध्या रुंदी १५०० मिमी. प्लेटचा ग्रेड, कार्बन ०.१२ टक्के, अॅल्युमिनियम किल्ड (ऑक्सिजन काढायला अॅल्युमिनियम घातलेलं). कास्टिंग स्पीड मिनिटाला १.२ मीटर. मागच्या महिन्यात मोल्ड पावडरचा (मोल्डमधल्या स्टीलवर टाकायची भुकटी, जी वितळून स्लॅग होते आणि स्टील व तांब्याच्या मध्ये उतरते) नवा लॉट लागला. कंपनी तीच, ग्रेड तोच, पिशवीसुद्धा तीच. दुसऱ्या सिक्वेन्सपासून (न थांबता एकामागे एक ओतलेल्या हीट, म्हणजे लॅडलभर स्टीलचे घाण) ब्रॉड फेसच्या, म्हणजे रुंद बाजूच्या, मधल्या भागात लांबीच्या दिशेने बारीक क्रॅक यायला लागले. स्लॅब गार झाल्यावर नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. स्कार्फिंगचा (ज्वालेने वरचा थर सोलायचा) एक हात मारला की केसासारखी काळी रेघ वर येते, कधी ८० मिमी, कधी ३०० मिमी लांब.

मी लॉगशीट काढून बसलो. ब्रॉड फेसचं पाणी मिनिटाला ४००० लिटर, त्यात काहीच बदल नाही. जुन्या लॉटवर पाणी आत जाताना आणि बाहेर येताना ५.६ अंशांचा फरक होता. नव्या लॉटवर ६.३. हिशेब केला: जुन्या लॉटवर एका फेसमधून साधारण १५६० किलोवॅट, नव्यावर १७५५. मेनिस्कसच्या (मोल्डमधल्या द्रव स्टीलच्या वरच्या पातळीच्या) खालची लांबी ०.८ मीटर धरली तर फेसचं क्षेत्रफळ १.२ चौ. मीटर. म्हणजे चौरस मीटरला १.३० मेगावॅटवरून १.४६ वर गेलोय. पावणेतेरा टक्के नाही, पण बारा टक्के वाढ नक्की.

आता माझी अडचण. टेबलं चाळली तर स्लॅगची उष्णतावाहकता सगळीकडे १ ते १.५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपासच दिसते, रसायन काहीही असो. मग पावडर बदलून उष्णता १२ टक्क्यांनी कशी वाढेल? सर्टिफिकेटवर जुन्या लॉटची बेसिसिटी (चुना भागिले सिलिका) १.२६ आणि नव्याची १.२५ आहे. म्हणजे फरक नाहीच. आमच्याकडच्या वरिष्ठांचं म्हणणं, "पावडरचा संबंध नाही, स्पीड कमी करा." १.० मीटर केला तर क्रॅक कमी झाले हे खरं. पण मला कारण हवंय. रोज रात्री स्लॅब यार्डात टॉर्च घेऊन त्या रेघा बघतो आणि त्या माझ्याच पाळीत पडल्या आहेत हे सहन होत नाही.

निवृत्त_कास्टरवाला

बाळा, प्रश्न फार नीट मांडला आहेस. आकडे दिलेस, त्याबद्दल आधी शाबासकी. एकतीस वर्षं मोल्डच्या काठावर काढली आहेत, आता नागपुरात घरी असतो. त्यामुळे वेळ आहे, सावकाश लिहितो.

टेबल बरोबर आहे. स्लॅगची वाहकता रसायनाने फारशी हलत नाही. पण तू एकच थर धरलास. स्टीलचं गोठलेलं कवच आणि तांबं यांच्यामध्ये तीन गोष्टी ओळीने उभ्या असतात. कवचाला लागून पातळ द्रव स्लॅग, साधारण ०.१ ते ०.३ मिमी. त्यापलीकडे घट्ट झालेली फिल्म, एक-दोन मिमीपर्यंत. आणि ती फिल्म जिथे तांब्याला टेकते तिथे ती पूर्ण टेकतच नाही, मध्ये हवेची फट राहते. या फटीकडे कोणी बघत नाही. खरी गंमत तिथे आहे.

तुझेच आकडे घेऊन हिशेब करू. कवचाचा पृष्ठभाग १४०० अंश धर, तांब्याचा गरम पृष्ठभाग ३००. फरक ११००. १.३० मेगावॅटला एकूण रोध येतो ०.०००८५, आणि १.४६ ला ०.०००७५. म्हणजे वाटेतला अडथळा ०.०००१ पेक्षाही किंचित कमीने घटला. आता हा अडथळा कशात बसतो ते बघ. स्लॅगच्या फिल्ममध्ये मोजला तर ०.११ मिमी. हवेच्या फटीत मोजला तर फक्त ५ मायक्रॉन! गरम हवेची वाहकता ०.०५५ च्या आसपास धरली आहे. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढी फट मिटली की तुझ्या फेसमधून २०० किलोवॅट जास्त जातात. उलट बाजूने बघायचं तर एक मिमी स्लॅग म्हणजे २९० मिमी जाड तांब्याएवढा अडथळा. उष्णता अडवतो तो स्लॅगच. तांब्याची प्लेट आणि पाणी नुसते वाट मोकळी करून देतात.

आता ही फट आणि ही जाडी कोण ठरवतं? रसायन. कसं ते सांगतो.

घरी चिक्कीचा पाक होताना पाहिला असशील. ताटात ओतला आणि पटकन गार झाला तर काचेसारखा बसतो, आरपार दिसतो. तोच पाक हलवत राहिलास, हळू गार केलास, तर साखरतो. दाणे धरतो, पांढरा होतो, ताटाला चिकटायचा सुटतो. स्लॅगचंही अगदी हेच आहे. चुना जास्त, सिलिका कमी आणि फ्लोरीन भरपूर असेल तर फिल्म साखरते. जे दाणे धरतात त्यांचं नाव क्युस्पिडीन: चुना, सिलिका आणि कॅल्शियम फ्लोराइड यांचं मिळून झालेलं खनिज. सिलिका जास्त असेल तर तिच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, दाणा धरायला वावच राहत नाही आणि फिल्म काचच राहते. पाकात लिंबू पिळलं की तो साखरत नाही ना? स्लॅगमध्ये लिंबाचं काम अॅल्युमिना करतं, बोरॉन ऑक्साइडही करतं.

फिल्म साखरली की दोन गोष्टी होतात. एक, दाणा काचेपेक्षा घट्ट, त्यामुळे फिल्म आकसते, तांब्याकडची बाजू खडबडीत होते, आणि फट वाढते. ती फट २०-३० मायक्रॉनला गेली तर एकटी तीच अर्ध्या मिमी स्लॅगच्या तोडीची. दोन, लाल कवचातून किरणांच्या रूपाने निघणारा उष्मा काचेतून बऱ्यापैकी आरपार जातो. दाण्यांनी भरलेल्या फिल्ममध्ये तो विखुरतो, परत फिरतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने: उष्णता कमी जाते.

तिसरी गोष्ट ब्रेक टेंपरेचर. स्लॅग गार होताना एका अंशाला तो अचानक दाट होतो, ओढून धरतो. ते तापमान वर असेल तर घट्ट थर जाड, द्रव थर पातळ. तुझ्या ग्रेडसाठी हे मुद्दाम वर ठेवतात.

आणि तुझ्या ग्रेडला इतकं जपायचं कशाला? ०.१२ कार्बन म्हणजे पेरिटेक्टिकच्या (गोठताना लोखंडाची स्फटिक रचना बदलते त्या बदलाच्या) ऐन पट्ट्यात बसलास, ०.०९ ते ०.१७ च्या मध्ये. साधारण १४९५ अंशांना डेल्टा रचनेचं गॅमा होतं, आणि गॅमा जास्त घट्ट रचलेलं असतं. दोन-तीन मिमी कवच नुकतंच धरलंय, मेनिस्कसखाली बोटभर अंतर गेलंय, आणि तेवढ्यात ते आकसतं. जिथे आकसून मोल्डपासून सुटतं तिथे गरम राहतं, पातळ राहतं. शेजारचा भाग थंड, जाड. ताण त्या पातळ पट्टीवर येतो. तू यार्डात बघतोस ती रेघ तिथे, त्या बोटभर अंतरात जन्मते. खालचे सगळे रोलर आणि स्प्रे तिला फक्त उघडतात. म्हणून सुरुवातीची उष्णता हळू आणि सारखी काढायची. स्पीड कमी केल्यावर क्रॅक घटले ते याच कारणाने. सरासरी उष्णता उतरली. वरिष्ठांचा उपाय चुकीचा नाही, पण तो लक्षणावरचा आहे.

बेसिसिटी सारखी आणि उष्णता वेगळी, हे होऊ शकतं. बेसिसिटी हा एकच आकडा आहे. फ्लोरीन बघ. सोडा बघ. अॅल्युमिना बघ. माझा पहिला संशय फ्लोरीनवर. ते कमी असेल तर क्युस्पिडीन कमी धरतं. शिवाय स्लॅग दाट होतो, फटीत कमी उतरतो, पावडरचा खप घटतो, फिल्म पातळ होते. दोन्ही बाजूंनी तुझी उष्णता वाढते. टनामागे पावडर किती लागते हे लॉगमध्ये आहे का? त्यात उत्तर असेल.

उद्या पाळीवर दोन गोष्टी कर. पहिली, तारांची चाचणी. लाकडी पट्टीला अॅल्युमिनियम, तांबं आणि लोखंड अशा तीन तारा शेजारी शेजारी ठोक, पट्टी आडवी धरून मोल्डमध्ये सरळ खाली बुडव, पाच मोजेपर्यंत धर आणि उचल. लोखंडाची तार स्टीलच्या पातळीला वितळलेली असेल, तांब्याची १०८५ अंशांवर, अॅल्युमिनियमची ६६० वर. लोखंड आणि तांबं यांच्या टोकांतलं अंतर म्हणजे द्रव स्लॅगचा साठा. नोझलजवळ (स्टील मोल्डमध्ये ओतायची नळी), पाव रुंदीवर आणि कडेला, तीन ठिकाणी घे. १० मिमीच्या आसपास असू दे. स्ट्रोकपेक्षा (मोल्ड वर-खाली हलतो ते अंतर) कमी असेल तर फटीत स्लॅग पोचतच नाही, मग रसायनाची चर्चा व्यर्थ.

दुसरी, सिक्वेन्स संपल्यावर मोल्डमधून फिल्मचा तुकडा काढ. टेल, म्हणजे स्लॅबचं शेवटचं टोक, बाहेर गेल्यावर तांब्याला चिकटलेले पापुद्रे राहतात, थंड झाल्यावर चिमट्याने अलगद निघतात. तो ट्यूबलाइटसमोर धर. काचेची फिल्म बाटलीच्या तुकड्यासारखी दिसते, कडेने उजेड येतो. साखरलेली फिल्म फुटक्या कपाच्या कडेसारखी, पांढरट, अपारदर्शक. मी हजारो तुकडे पाहिलेत. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायच्या आधी हा तुकडा बोलतो.

एक इशारा मात्र मनापासून. फिल्म जितकी साखरेल तितकं चांगलं, असं समजू नकोस. मी एका प्लँटवर असताना ०.६० कार्बनच्या हीटला स्टोअरमधून चुकून पेरिटेक्टिकची पावडर वर आली. पिशव्या सारख्याच दिसायच्या. जास्त कार्बनचं कवच मऊ, उशिरा घट्ट होणारं. त्याला काचेची, कमी ब्रेक टेंपरेचरची, शेवटपर्यंत ओली राहणारी पावडर लागते. आमची फिल्म वरच साखरून बसली, खाली तेलपाणी उरलं नाही. कवच तांब्याला चिकटलं. थर्मोकपलच्या पडद्यावर वरच्या ओळीचं तापमान चढून उतरलं, मग खालच्या ओळीचं. हात बटणावर जाईपर्यंत मोल्डखाली आवाज झाला, कवच फाटलं. फुट रोल आणि पहिला सेगमेंट (मोल्डखालचे रोलर) स्टीलमध्ये गोठून गेला. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. त्या रात्रीपासून मी स्वतः प्रत्येक पॅलेटला ग्रेडप्रमाणे रंगीत पट्टी लावून घ्यायचो आणि पहिली पिशवी फोडताना ऑपरेटरकडून मोठ्याने ग्रेड वाचून घ्यायचो.

क्ष_किरण_टेबल

काका, पाकाचं उदाहरण उद्या माझ्या ट्रेनी मुलींना सांगणार आहे. मी स्टील प्लँटच्या प्रयोगशाळेत पावडर आणि स्लॅगचं काम बघते. रसायनाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी जोडते.

तिसरी_पाळी, सर्टिफिकेटवरची बेसिसिटी कशी काढलेली असते ते बघा. एक्स-रेच्या मशीनला कॅल्शियम दिसतं. ते चुन्यात बसलंय की फ्लोराइडमध्ये, हे त्याला कळत नाही. सगळं कॅल्शियम ऑक्साइड म्हणून छापलं जातं. समजा एकूण ३९.२ टक्के छापलंय आणि फ्लोरीन ८.४ आहे. फ्लोरीनला लागणारं कॅल्शियम ऑक्साइडच्या हिशेबात १२.४ टक्के होतं. म्हणजे खरा मोकळा चुना २६.८. आता फ्लोरीन ६ वर आलं आणि एकूण आकडा तोच राहिला, तर बेसिसिटीचा रकाना हलणारच नाही. आत मात्र फ्लोरस्पारची (कॅल्शियम फ्लोराइडची) जागा चुन्याने घेतलेली असेल. काका म्हणतात तसं, एक आकडा बघून पावडर ओळखता येत नाही.

दुसरं, फ्लोरीनचा आकडा मोजलेला आहे की नुसता छापलेला, हे विचारा. फ्लोरीन हलकं मूलद्रव्य. त्याचा किरण नमुन्याच्या वरच्या जेमतेम मायक्रॉनभर थरातूनच बाहेर येतो. त्यामुळे दाबून केलेल्या गोळीचा पृष्ठभाग कसा आहे, दळण किती बारीक आहे, यावर आकडा नाचतो. काचेचा मणी वितळवून केला तर त्यात फ्लोरीन थोडं उडून जातं. मी संशय असेल तेव्हा नमुना क्षारात वितळवते, पाण्यात उतरवते, बफर घालून फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडने मोजते. वेळ लागतो, पण त्या आकड्यावर झोप लागते. आणि बेरीज करताना फ्लोरीनच्या ०.४२ पट ऑक्सिजन वजा करायला विसरू नका, नाहीतर बेरीज १०३ च्या पुढे जाते आणि कोणीतरी ती जुळवायला दुसऱ्याच रकान्यातून काटतो. हे मी पाहिलेलं आहे.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: पिशवीतली पावडर आणि मोल्डमधला स्लॅग हे एक नव्हे. तुमचं स्टील अॅल्युमिनियम किल्ड आहे. वर तरंगून येणारं अॅल्युमिना स्लॅग पोटात घेतो. पिशवीत ४ टक्के असलेलं मोल्डमधून चमच्याने काढलेल्या नमुन्यात ८-९ टक्के झालेलं मी नेहमी बघते. काकांचं लिंबू तिथे पिळलं जातं. म्हणून नमुना मोल्डमधूनच घ्या, हीटच्या मध्यावर, नोझलपासून लांब. चमचा कोरडा आणि गरम केलेला हवा. पावडर न उचलता खालचा द्रव यायला हवा, तो थंड लोखंडी प्लेटवर ओता आणि वर हीट नंबर लिहा. टंडिशमधल्या (लॅडल आणि मोल्डच्या मधलं भांडं) पातळीचा चढउतार, लॅडल बदलतानाची वेळ, सगळं त्या अॅल्युमिनात उतरतं. (एक टक्क्याच्या पुढे अॅल्युमिनियम असलेले ग्रेड वेगळंच प्रकरण आहे. तिथे स्टीलमधलं अॅल्युमिनियम स्लॅगमधल्या सिलिकालाच खातं आणि तासाभरात पावडरचं कुळच बदलतं. तुमच्याकडे ते नाही.)

पावसाळ्यातला लॉट असेल तर ओलही तपासा. अर्ध्या टक्क्याच्या आत हवी. पिशवीचं आतलं प्लास्टिक फाटलेलं असलं की सोडा हवेतली ओल ओढतो.

जालना_सळई

वाचून खूप शिकायला मिळतंय. आमच्याकडे जालन्यात बिलेट (चौकोनी लांब कांडी) आहे, सळईसाठी. मोकळी धार, मोल्डच्या भिंतीवरून तेल. पावडर नाहीच. मग आमच्या मोल्डमध्ये उष्णता कोण ठरवतं? आणि १२५ मिमीच्या बिलेटला पावडर वापरून बघावी का? आमच्याकडे कधीकधी बिलेट चौकोनाऐवजी पतंगासारखं येतं, कोपऱ्याला आतून क्रॅक असतो. चार्जमधल्या स्क्रॅपमुळे कार्बन ०.१५ ते ०.२५ मध्ये कुठेही फिरतो.

निवृत्त_कास्टरवाला

जालनेकर, सुरुवातीला सगळी कंटिन्युअस कास्टिंग तेलावरच होती. मोल्ड पावडर नंतर आली, साठच्या दशकात. नोझल स्टीलमध्ये बुडवून ओतायला लागले तेव्हा ती जमली. तेल मेनिस्कसला जळतं, त्याचा धूर-वायूचा पडदा होतो. स्लॅगसारखी घट्ट फिल्म नसते, त्यामुळे मेनिस्कसजवळ तुमच्याकडे उष्णता आमच्यापेक्षा बरीच जास्त आणि बरीच असमान जाते. एका भिंतीवर तेल कमी उतरलं, की ती बाजू वेगळी गार होते. पतंग तिथून येतो. १२५ मिमीच्या मोल्डमध्ये बुडणारी नोझल बसवायला जागा फार तंग होते, म्हणून पावडरच्या नादी लागण्याआधी तेलाच्या चारही खाचा रोज साफ करा, मोल्ड ट्यूबचा टेपर (खाली निमुळती होण्याचं प्रमाण) मोजा आणि पाण्याचा जॅकेट मधोमध बसलाय का बघा. आणि हीट ०.१५ कार्बनला आली की स्पीड थोडा धरून चालवा. पेरिटेक्टिक तुमच्या दारातही येतो, फक्त कार्बनच्या रकान्यात कोणी त्याचं नाव लिहीत नाही.

क्ष_किरण_टेबल ताई, चमच्याच्या नमुन्याची गोष्ट माझी लिहायची राहिली होती. ती फार मोलाची आहे.

तिसरी_पाळी

काका, ताई, पाच दिवसांनी लिहितोय, कारण हातात काहीतरी घेऊनच लिहायचं ठरवलं होतं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे आमच्या लॅबला विनंती केली. इलेक्ट्रोडने मोजलं: जुन्या लॉटची उरलेली पिशवी ८.४ टक्के फ्लोरीन, नवा लॉट ६.२. सर्टिफिकेटवर दोन्हींना "८ ते ९" असंच छापलेलं आहे. म्हणजे तो आकडा मोजलेला नव्हता. सोडा आणि अॅल्युमिना दोन्ही लॉटमध्ये जवळपास सारखे. ओल ०.३.

तारांची चाचणी तीन ठिकाणी केली. पाव रुंदीवर ११ मिमी, नोझलजवळ ९, कडेला ८. आमचा स्ट्रोक ७ मिमी आहे. म्हणजे साठा पुरेसा आहे, पण कडेला अगदी काठावर. पावडरचा खपही काढला. जुन्या लॉटवर टनाला ०.४६ किलो जात होती, नव्यावर ०.३९. काकांनी म्हटलं तेच.

आणि फिल्म. परवा रात्री टेल गेल्यावर मी स्वतः चिमटा घेऊन वाकलो. मेनिस्कसखाली हातभर अंतरावर, ब्रॉड फेसच्या मधून, नखाएवढा तुकडा निघाला. दोन्ही बाजू इतक्या वेगळ्या असतील असं वाटलं नव्हतं. तांब्याकडची बाजू गुळगुळीत, हिरवट, आणि उजेडासमोर धरल्यावर मधला मोठा भाग आरपार. फक्त कवचाकडच्या कडेला एक पांढरी रेघ, जेमतेम पाव मिमी. जुन्या लॉटचा तुकडा आमच्या एका ऑपरेटरने मागच्या वर्षी कुतूहलाने ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तो पूर्ण पांढरा, आणि तांब्याकडची बाजू बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी लागते. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मी बराच वेळ बसून होतो. ५ मायक्रॉनचा हिशेब काल वहीत होता, आज बोटाला लागला.

स्टोअरमध्ये जुन्या लॉटच्या १४ पिशव्या सापडल्या. त्या एका सिक्वेन्सला लावल्या, स्पीड परत १.२ वर. पाण्याचा फरक ५.७ अंश. १८ स्लॅब झाले, स्कार्फिंगनंतर एकावर एक रेघ, ६० मिमी.

क्ष_किरण_टेबल

फार छान काम केलंत. पण एका सिक्वेन्सवरून पावडरला दोष लावून मोकळं होऊ नका. त्या दिवशी टंडिशचं तापमान किती होतं? सुपरहीट (स्टील गोठायच्या तापमानाच्या वर किती अंश आहे ते) ५-१० अंशांनी कमी असलं तरी क्रॅक घटतात. रुंदी तीच होती का? नोझल मधोमध होती का? पुरवठादाराला पत्र जाण्याआधी हे तीन प्रश्न तेच विचारतील.

तिसरी_पाळी

रुंदी तीच. सुपरहीट सरासरी २४ होती, आधीच्या क्रॅकवाल्या सिक्वेन्सला २७. तुमचं म्हणणं बरोबर आहे, तीन अंशांचा हिस्सा त्यात असेलच. नोझलची जागा मी बघितली नव्हती, त्या पाळीच्या फोरमनकाकांना विचारलं, त्यांनी मधोमध होती असं सांगितलं, पण मोजलेलं नव्हतं. पुढच्या वेळी मोजून लिहीन.

पुरवठादाराचा माणूस काल आला होता. मी आवाज चढवला नाही. दोन तुकडे टेबलावर ठेवले, लॅबचे दोन आकडे ठेवले. तो स्वतः तुकडा उजेडासमोर धरून गप्प बसला. नवा लॉट परत नेतोय, आणि पुढच्या प्रत्येक लॉटबरोबर मोजलेलं फ्लोरीन देणार आहे. आमच्याकडून प्रत्येक लॉटची एक किलो पिशवी लॅबमध्ये वर्षभर ठेवायची, हे वरिष्ठांनी मंजूर केलं.

काका, एक राहिलं. फ्लोरीन जास्त ठेवलं की स्प्रे चेंबरच्या पाण्याचा सामू खाली येतो आणि पाइप खातो, असं मेंटेनन्सवाले म्हणतात. आमचे दोन हेडर (स्प्रेला पाणी देणारे मोठे पाइप) या वर्षी बदलले. ते खरं आहे का?

निवृत्त_कास्टरवाला

खरं आहे. फ्लोरीन काही फिल्ममध्ये बसून राहत नाही, बरंच पाण्यात उतरतं, आणि पाणी आंबट होतं. सेगमेंटचे बेअरिंग आणि हेडर त्यानेच जातात. म्हणून तर जगभर फ्लोरीन नसलेल्या पावडरचा शोध चालू आहे, सोडा, बोरॉन, टायटानियम घालून. स्लॅबसाठी, विशेषतः तुझ्या पेरिटेक्टिकसाठी, क्युस्पिडीनइतका भरवशाचा दाणा अजून हाती लागलेला नाही. तोपर्यंत सामू रोज मोज, ७ च्या खाली जाऊ देऊ नकोस, क्षाराची डोसिंग वेळेवर होतेय का बघ.

आणि तो ड्रॉवरमधला पांढरा तुकडा नीट जपून ठेव. त्याच्या पाठीवर हीट नंबर आणि तारीख लिही. नसेल माहीत तर ज्याने ठेवला त्याला विचार, त्याला आठवेल.

तिसरी_पाळी

विचारलं. त्याला आठवत होतं. तारीख, पाळी, आणि मोल्डची कुठली बाजू, सगळं. कागदाच्या पुडीत बांधून वर लिहून ठेवलंय. नव्या लॉटचा तुकडा त्याच्याच शेजारी.